घोडीची पुढची बाजू

त्या सकाळी घोडीने तोंड उघडलं नाही. एवढंच झालं. रस्त्यावर बसगाड्या रोजच्यासारख्या धावत होत्या, समोरच्या इमारतीत लोक खिडक्यांवरचं दव पुसत होते, आणि आमच्या तबेल्याच्या दारात माझी मुलगी हातात लगाम धरून उभी होती. घोडीने दात घट्ट मिटले आणि मान वर करून बाजूला वळवली, जसं एखादं म्हातारं माणूस औषध नको म्हणून भिंतीकडे वळतं. मुलीने पुन्हा प्रयत्न केला. अंगठा ओठांच्या कोपऱ्यात घातला. तिथे घोड्याला दात नसतात, तिथे दाबलं की तोंड उघडतं. घोडी मागे सरली आणि तिचा मागचा खूर माझ्या पायापासून चार बोटांवर पडला. मी मागेच होतो. मी नेहमी मागेच असतो. "बाबा, हिला आज झालंय तरी काय?" मुलगी म्हणाली. मी म्हटलं, "मला काय विचारतेस? मी शेपटीकडचा माणूस." ती हसली, पण घोडीने तोंड उघडलं नाही, आणि त्या दिवशी गाडी निघाली नाही.

शेपटीकडचा माणूस हे मी गमतीने म्हणत नाही. माझ्या सासऱ्यांचा नियम होता की एका जनावराला दोन बाजू असतात आणि एका बाजूला एकच माणूस. पुढचा हात मागे जाणार नाही, मागचा पुढे येणार नाही. जनावराला कळलं पाहिजे की कोणाचा हात कुठून येणार. मी लग्न करून या घरात आलो तेव्हा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होतो. घोडा मी लांबून पाहिलेला. सासऱ्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मागची बाजू दिली. म्हणजे मागचे खूर साफ करायचे, लीद उचलायची, पाठीला आणि पुठ्ठ्यांना खरारा करायचा, गाडीचे दांडे बांधायचे. तोंड, कान, डोळे, आयाळ, लगाम हे सगळं त्यांच्या मुलीचं. परक्या माणसाच्या हातात ते जनावराचं तोंड देणार नव्हते, मुलगी दिली तेवढं पुष्कळ झालं. बायको मला तेव्हा म्हणाली होती, "वाटणी सरळ आहे. तोंड माझं, लाथा तुमच्या." सासरे गेले, त्यांच्या वेळची घोडी गेली, तिची मुलगी आली, मी नोकरीतून निवृत्त झालो, पण वाटणी तीच राहिली. सदतीस वर्षं. या वर्षांत मी एकाही घोड्याच्या तोंडात लगाम घातला नाही. कोणी मनाई केली होती असं नाही, वेळच आली नाही. ती होती ना पुढे.

आता ती नाही. मागच्या हिवाळ्याच्या शेवटी गेली. त्यानंतर महिन्याभरात मुलगी आणि जावई दुसऱ्या शहरातलं बिऱ्हाड आवरून इकडे राहायला आले. तेव्हापासून पुढची बाजू मुलीकडे आहे. लहानपणी ती आईच्या मागे मागे असायची, पण सकाळी गाडी जोडायच्या वेळी तिची शाळा असायची, पुढे कॉलेज, पुढे लग्न. तरी हात चांगला आहे तिचा. वसंतात, उन्हाळ्यात, पावसात घोडीने तिच्याकडून एकदाही कुरकुर न करता लगाम घेतला. आमच्याकडे जनावरं तीन. ही घोडी, जिला सगळे बाईसाहेब म्हणतात, कारण एकोणीस वर्षांत तिने कधी पाण्याच्या डबक्यात पाय घातला नाही, शेजारून जाते. आणि दोन तट्टं. एक बुटक्या, दुसरा चोर. चोर हे नाव त्याने कमावलेलं आहे, त्याच्याजवळ उभं राहिलं की खिशात काही उरत नाही, एकदा त्याने जावयाच्या खिशातून गाडीची पावती खाल्ली. तट्टांना लगाम लागत नाही. त्यांना नुसती दोरीची मोरकी घालून बागेत लहान मुलांना फिरवायचं असतं. लगाम फक्त बाईसाहेबांना, कारण त्या गाडी ओढतात. आमच्या गाडीला रस्त्यावर सकाळी सात ते दहा परवानगी आहे, तेवढ्यात म्हाताऱ्या माणसांना बागेभोवती एक चक्कर आणि मग शाळेची एक फेरी.

लिफ्टच्या कामात आम्हाला एक शिकवलं होतं. काल चालत होती आणि आज चालत नाही, तर काल आणि आज यांच्यात काय बदललं ते शोधायचं. दार उघडत नसेल तर दाराला दोष देत बसायचं नाही. मी घोडीच्या मागे खरारा करत उभा राहून हेच शोधत होतो. चारा तोच, चंदी तीच, पाणी तेच, फक्त बादलीवर आता सकाळी बर्फाचा पातळ पापुद्रा धरायला लागला होता आणि तो मी काठीने फोडायचो. नालबंद येऊन गेला होता, पण नाल पायांचे, तोंडाशी त्यांचा काय संबंध. लगाम तोच, सासऱ्यांच्या वेळचा. कातडं मी दोनदा बदललं आहे, पण मधलं लोखंड, जे घोडीच्या जिभेवर बसतं, ते तेच आहे. वीतभर लांबीची कांब, दोन्ही टोकांना एकेक कडी. सासरे म्हणायचे, या लोखंडाने तीन घोड्या पाहिल्या. मग बदललं काय? बायको बदलली, एवढंच. होती आणि नाही झाली. पण ते होऊन दहा महिने झाले होते आणि दहा महिने घोडी तोंड उघडत होती.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घरात ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. मुलगी म्हणाली, "आईची आठवण येते तिला. बघा ना, मी जवळ गेले की माझ्या कुशीत तोंड खुपसते. इथे, डाव्या हाताखाली. हुंगत बसते. आईचा स्वेटर आहे ना माझ्या अंगात." ते खरं होतं. थंडी पडल्यापासून मुलगी आईचा तपकिरी स्वेटर घालत होती आणि घोडी तिच्या डाव्या बगलेशी नाक नेऊन उभी राहायची, बराच वेळ, डोळे अर्धे मिटून. बायको होती तेव्हाही ती हेच करायची. मला त्याचा थोडा हेवा वाटायचा. सकाळी बायको तबेल्यात शिरली की ही थोरली बाई तिच्या काखेत डोकं घालणार, आणि बायको तिच्या कपाळावर हनुवटी टेकवून काहीतरी पुटपुटणार. मी मागून बघायचो. नवरा-बायकोतही इतकं लाडात येणं आम्हाला कधी जमलं नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, "तिला काय सांगतेस एवढं?" तर म्हणाली, "तुमच्या तक्रारी."

जावई कॉम्प्युटरवर घरूनच काम करतो. त्याला घोड्यांची भीती वाटते आणि तो ती लपवत नाही, म्हणून मला आवडतो. तो म्हणाला, "सकाळी सातला माझंही तोंड उघडत नाही. तिला थोडं उशिरा उठवून बघा." त्यावर मुलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहाचा कप घेऊन आतल्या खोलीत गेला. पण त्याचं बोलणं अगदीच फुकट नव्हतं हे आता कळतं. चौथ्या दिवशी जनावरांचा डॉक्टर आला, दुपारी बारा वाजता. ऊन थेट दारात पडलं होतं, बाहेरच्या खिळ्यावरच्या लगामावरही. डॉक्टरने घोडीच्या तोंडात हात घातला, दाढेची एक कड वाढली होती ती कानशीने घासली, आणि मग सहज म्हणून लगाम घेऊन तोंडाला लावला. बाईसाहेबांनी तोंड उघडलं आणि लगाम घेतला, जसं काही झालंच नव्हतं. "काहीही झालेलं नाही हिला," डॉक्टर म्हणाला. "नाटकं आहेत. वयपरत्वे करतात." आम्ही सगळे हसलो. आम्हाला वाटलं, दाढच होती तर. मुलीने डॉक्टरला दारापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता घोडीने दात मिटले, मान झटकली, आणि तिच्या जबड्याचं हाड मुलीच्या भुवईवर आदळलं.

तीन टाके पडले. डोळा वाचला. मुलगी दवाखान्यातून परत आली तेव्हा रडत नव्हती, आणि म्हणूनच मला कळलं की तिचं ठरलं आहे. ती बाकावर बसली, कपाळावर पट्टी, आणि म्हणाली, "बाबा, ही आता धोक्याची झाली आहे. उद्या मागे कोणी पोर बसलेलं असताना भर रस्त्यात तिने अशी मान टाकली तर? मी त्या माळावरच्या माणसाशी बोलले आहे. तो म्हाताऱ्या घोड्या ठेवतो. मोकळी राहील, चरेल. शनिवारी ट्रक येईल." ती थांबली. मग म्हणाली, "तुम्ही नको म्हणा ना. तुम्ही नको म्हणालात तर मी भांडेन तरी." मी म्हटलं, "पुढची बाजू तुझी आहे. तू ठरव." माझ्या तोंडून हे निघालं आणि मलाच वाटलं, आपण किती वर्षं या वाक्याच्या आडोशाला उभे आहोत.

कारण मला ती घोडी जायला नको होती. मला ते नीट सांगता येणार नाही, पण प्रयत्न करतो. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू राहतात, कपाट, चपला, चष्मा. त्या मला काही बोलत नाहीत. पण घोडीला माझ्या बायकोचा हात माहीत होता. रोज सकाळी, तोंडावर, दातांवर, कानांमागे. माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. तो हात माहीत असलेलं एक कातडं या घरात अजून उभं होतं, श्वास घेत होतं, थंडीत त्याच्या पाठीवरून वाफ निघत होती. ती गेली की ते माहीत असणारं कोणी राहणार नव्हतं. मुलगी म्हणेल मी आहे ना. आहेस बाई. पण तुला आईचा हात तू लहान असतानाचा माहीत आहे.

आणि दुसरं एक होतं, जे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. बायको दवाखान्यात अकरा दिवस होती. फुप्फुसात पाणी झालं होतं. ते अकरा दिवस आमच्या गाडीच्या फेऱ्या बंद होत्या, शेजारी येऊन चारापाणी करत होता, आणि मी तिच्या पलंगाशी बसून होतो. शेवटचे तीन दिवस ती शुद्धीत नव्हती, म्हणजे अधूनमधून डोळे उघडायची पण बघायची नाही. पहाट झाली की तिचा डावा हात हळूहळू अंगाशी यायचा आणि छातीच्या बाजूला घट्ट दाबून बसायचा. कोपर आत, मूठ हनुवटीखाली. नर्स ताप बघायला यायची, तापमापक त्या काखेत ठेवायला जायची, तर हा हात सुटायचा नाही. "आजी, हात सैल सोडा बरं." नाही. नर्स मला म्हणाली, "इथे दुखत असेल त्यांना. पूर्वीपासून काही आहे का?" मी म्हटलं, हो, खांदा. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, फोटो काढला, काही सापडलं नाही. पण हात तसाच. तासाभराने आपोआप सुटायचा. दुसऱ्या पहाटे पुन्हा. मी तिथे बसून बघायचो आणि मनात म्हणायचो, किती वर्षांचं दुखणं असेल हे, आणि हिने मला कधी सांगितलं नाही. तिचा चेहरा शांत असायचा, पण मला वाटायचं, ती दुखणं दाबण्यात इतकी तरबेज झाली आहे की बेशुद्धीतही दाबते आहे. दहा महिने मी हे घेऊन जगत होतो. सदतीस वर्षं एका बाईशेजारी झोपलो आणि तिला काय दुखत होतं ते मला कळलं नाही.

खांद्याचं मला आधीपासून ठाऊक होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तबेल्याकडे आहे. सकाळी ती आधी जाऊन चारा टाकून यायची आणि मग आम्ही समोरासमोर बसून चहा घ्यायचो, मग गाडी जोडायची. चहा घेताना ती डावा हात अंगाशी धरून बसायची. स्वेटरच्या आत कुठेतरी. उजव्या हाताने कप उचलायची. किटली जड, एका हाताने उचलायला नको, म्हणून म्हणायची, "अहो, जरा ओता ना." मी ओतायचो. मला ते आवडायचं. दिवसभर ती मला काही मागायची नाही, सगळं आपलं आपण करायची, आणि सकाळी मात्र चहा ओता म्हणायची. एक वर्षी मी तिला खांद्यासाठी मलम आणून दिलं. तिने डबी उघडून वास घेतला, "छान आहे हो," म्हणाली, आणि महिन्याभरात ते बाईसाहेबांच्या गुडघ्यांना लावून संपवलं. मी रागावलो. ती म्हणाली, "माझा खांदा ठणठणीत आहे. तुम्ही उगीच काळजी करता." मला वाटलं, झाकते आहे. आणि तिच्या त्या तपकिरी स्वेटरवर डाव्या काखेखाली एक डाग होता, तांबूस, धुऊन धुऊन फिका झालेला पण न गेलेला. मी तिला चिडवायचो, "तुझा घाम गंजतो की काय?" ती म्हणायची, "लोखंडाची आहे मी."

शनिवारी सकाळी मी लवकर उठलो. ट्रक आठला येणार होता. बाहेर उजाडत होतं आणि इतकी थंडी होती की अंगणातली फरशी पांढरी दिसत होती. चोराने मला बघून दारावर पाय आपटला, बुटक्याने नेहमीप्रमाणे त्याची नक्कल केली. मी बादल्यांवरचा बर्फ फोडला. मग बाईसाहेबांच्या खणात गेलो, सवयीने मागे, शेपटीपाशी. तिथे मी थोडा वेळ उभा राहिलो. आणि मला वाटलं की आज ही जाणार, आणि मी हिचा चेहरा कधी जवळून पाहिलेला नाही. म्हणून मी तिच्या पोटाच्या बाजूने हात फिरवत पुढे गेलो. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. पुढे सगळं निराळंच होतं. मागून घोडी म्हणजे एक भिंत असते, उबदार, अधूनमधून हलणारी. पुढे कोणीतरी होतं. इतका मोठा डोळा, त्यात तबेल्याचं दार, दारातला उजेड आणि उजेडात मी, वाकडा, छोटा. पापण्यांचे केस पांढरे झालेले. नाकपुड्यांच्या कडेला वाफेचे बारीक थेंब गोठून बसले होते. तिने माझ्या कोटाचा वास घेतला, डावीकडून, आणि थांबली. काही मिळालं नाही असं तोंड करून वर बघितलं. देवळात जायची मला सवय नाही, पण देवळात लोकांचा आवाज का बारीक होतो ते मला तिथे कळलं.

एकदा करून बघू, असं मी ठरवलं. जायच्या दिवशी का होईना. लगाम बाहेरच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेला होता, तो काढून आणला. आता आधी मोरकी सोडायची होती आणि तिची गाठ थंडीने दगड झाली होती, दोन्ही हात लागणार होते. मला दुसरं काही सुचलं नाही, तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून जे केलं तेच केलं. हात मोकळे हवे असले की आम्ही स्क्रू तोंडात धरायचो. मी लगामाचं लोखंड दातांत धरलं आणि गाठीला हात घातला.

जिभेला चटका बसला. मला वाटलं विस्तव लागला. मी तोंड उघडून लोखंड टाकायला गेलो तर ते पडेना. खालचा ओठ आणि जिभेचं टोक त्याला चिकटून बसलं होतं. ओढलं तर कातडी ओढली जात होती. मी तसाच उभा राहिलो, तोंडात लगाम, दोन्ही बाजूंना पट्टे लोंबताहेत, डोळ्यांतून पाणी, आणि घोडी माझ्याकडे बघते आहे. मी खोटं सांगत नाही, तिच्या बघण्यात समज होती.

तेवढ्यात मुलगी चहाचा कप घेऊन दारात आली. तिने आधी घोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही स्वतःला जुंपून घेताय का?" आणि ती इतकी हसली की तिला दाराच्या खांबाला धरावं लागलं. कपाळाचे टाके दुखून "आई गं" म्हणाली आणि पुन्हा हसली. मी घशातून काहीतरी आवाज काढला. मग तिला कळलं की मला ते काढता येत नाही. "थांबा, ओढू नका, अजिबात ओढू नका," म्हणत ती आली आणि कपातला कोमट चहा माझ्या ओठावर हळूहळू ओतू लागली. त्यासाठी तिने हात वर केला, आणि स्वेटरच्या काखेखालचा तो डाग माझ्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर आला. मी तो डाग शेकडो वेळा पाहिला होता, पण इतक्या जवळून नाही, आणि तोंडात लोखंड असताना नाही. तो नुसता डाग नव्हता. एक लांब तांबूस पट्टा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक गोल.

लोखंड सुटलं. ओठाचं थोडं कातडं त्यावर राहिलं. मी ते हातात घेऊन बघत राहिलो. वीतभर कांब, दोन कड्या. मुलगी काहीतरी विचारत होती, जीभ दाखवा, रक्त येतंय का, आणि मला ऐकू येत होतं पण मी तिथे नव्हतो. मी आमच्या स्वयंपाकघरात होतो आणि समोर बायको बसली होती, डावा हात अंगाशी, म्हणत होती, अहो, जरा ओता ना. उन्हाळ्यात ती स्वतः ओतायची. हे मला त्या क्षणी आठवलं, त्याआधी कधीच नाही. उन्हाळ्यात ती स्वतः ओतायची, दोन्ही हातांनी, मलाही ओतायची. फक्त थंडीत तिचा एक हात कामात असायचा. सदतीस हिवाळे ती माझ्यासमोर बसून, माझ्याशी भाजीबद्दल, भाड्याबद्दल, मुलीच्या शाळेबद्दल बोलत, काखेत लोखंड धरून त्याला ऊब देत होती. आधी तिचं अंग किती शहारत असेल. मला एकदाही दिसलं नाही. आणि तिने सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नसणार. बापाला करताना पाहिलं असेल, करत राहिली. मला ठाऊक आहे असंही तिने धरून चाललं असेल. समोरच तर बसलो होतो.

आणि मग दवाखान्यातल्या त्या तीन पहाटा आल्या. कोपर आत, मूठ हनुवटीखाली, आणि नर्स म्हणते आहे, आजी, हात सैल सोडा बरं. हिवाळाच होता तेव्हा. सकाळचे साडेसहा. ती हात कसा सोडेल? अजून ऊब आली नव्हती. मी चाऱ्याच्या भाऱ्यावर बसलो. तिला तिथे काही दुखत नव्हतं. कधीच दुखत नव्हतं. ती कामावर होती.

"बाबा? काय झालं? बोला ना." मुलगी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. जीभ जड झाली होती, बोबडं बोलत मी म्हटलं, "तुझ्या आईचा खांदा चांगला होता गं." तिला काही कळलं नाही. मी लोखंड पुढे करून तिच्या काखेकडे बोट दाखवलं. तिने हात वर करून मान वाकडी करून डागाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या लोखंडाकडे, मग पुन्हा डागाकडे. तिने लोखंड माझ्याकडून घेतलं आणि त्या डागावर ठेवलं. बसलं. कड्या गोलांवर, कांब पट्ट्यावर. तिच्या तोंडाची वाफ येत-जात होती. "मी पाच दिवस," ती म्हणाली, "मी पाच दिवस हे तसंच हिच्या तोंडात..." आणि तिने घोडीच्या ओठांवर हात ठेवला. मी म्हटलं, "तुला काय माहीत. मला माहीत नव्हतं." ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत असणार, तुम्ही शेपटीकडचे." आणि आम्ही दोघं हसलो, रडत.

मी कोटाची बटणं काढली, लोखंड घेतलं, पट्ट्यांतून सोडवलं आणि आत सरकवलं, डाव्या काखेत, थेट कातडीला. अंगातून असा काटा गेला की श्वास अडकला. मग मी हात दाबून धरला. किती वेळ धरायचा ते माहीत नव्हतं. मुलगी आत जाऊन किटली घेऊन आली. मी किटलीकडे बघितलं, तिने माझ्या हाताकडे, आणि न विचारता कपात चहा ओतला. मी उजव्या हाताने घेतला. ओठ झोंबत होता. काखेतलं ते गार हळूहळू माझ्यातून काहीतरी घेत होतं आणि मी देत होतो, आणि मध्येच कधीतरी कळेनासं झालं की लोखंड कुठे संपतं आणि मी कुठून सुरू होतो. एक कप चहाएवढा वेळ. तिने हे माप कोणाला दिलं नव्हतं, पण रोज माझ्यासमोर मोजलं होतं.

चहा संपायच्या आधीच बाईसाहेबांनी मान लांब केली. त्यांचं थोरलं, जड डोकं माझ्या कोटात शिरलं, डाव्या बाजूने, आणि नाक माझ्या काखेशी येऊन थांबलं. डोळे अर्धे मिटले. या वेळी त्यांना हवं ते सापडलं होतं. गरम श्वास माझ्या बरगड्यांवर येत होता. मी हलायला घाबरलो. मग मी लोखंड बाहेर काढलं आणि पट्ट्यांना अडकवलं, मुलीने एक कडी, मी एक. तळहातावर धरून पुढे केलं. अंगठा लावावा लागला नाही. घोडीने स्वतःहून मान खाली आणली आणि तोंड उघडलं, सावकाश, आणि लोखंड जिभेवर घेऊन दोनदा चघळलं, जसं काही ते गोड होतं.

बाहेर हॉर्न वाजला. जावई दारात आला, लांबूनच, नेहमीसारखा. "ट्रक आलाय," तो म्हणाला. मग त्याने घोडीच्या तोंडातला लगाम पाहिला, माझा सुजलेला ओठ पाहिला, आपल्या बायकोचा रडून लाल झालेला चेहरा पाहिला. "काय सांगू त्याला?"

"सांग, चहा पिऊन जा," मुलगी म्हणाली. "आणि रिकामा जा."

ती गाडीचे दांडे आणायला वळली. ते काम माझं होतं, मागचं. पण ती गेली आणि मी गेलो नाही. मी पुढे उभा होतो, घोडीच्या कपाळावर हनुवटी टेकवून. माझा डावा हात अजून अंगाशी घट्ट दाबलेला होता. आत काही नव्हतं, लोखंड केव्हाच तिच्या तोंडात गेलं होतं. तरी मला तो सोडायची घाई नव्हती.